टेंभुर्णीत आठवडाभर ऊन

आमचं गाव टेंभुर्णी. नुसतं टेंभुर्णी म्हणून भागत न्हाई. जाफ्राबाद तालुका, जालना जिल्हा, असं पुरं सांगावं लागतं, कारण दुसरी एक टेंभुर्णी हाय सोलापूरकडं, मोठ्या रस्त्यावरली. अन् माही एकुलती पोरगी साधना बराबर तिथंच दिलेली. जावई पहिले जालन्यात लोखंडाच्या कारखान्यावर होते, तव्हा सोयरीक जमली. मंग ते आपल्या शेतीवर परत गेले अन् पोरगीबी गेली, पार दिवसभराच्या वाटेवर.

लग्नाच्या पत्रिकेत लई गंमत झाल्ती. वराचं गाव टेंभुर्णी, वधूचं गाव टेंभुर्णी. आमचा भाऊबंद बद्रीनाथ, वावराला वावर लागून असलेला, पत्रिका घेऊन पारावर उभा राह्यला अन् वरडला, "का रे रख्मा, गावातल्या गावात पोरगी देतो का? इथं तं सगळे एकमेकाचे भाऊ लागतेत!" त्याच्या वरची कडी माह्या मामेभावानं केली. तो पुण्याहून निघाला, सोलापूरच्या गाडीत बसला, तिकडल्या टेंभुर्णीला उतरला अन् मांडव इचारत फिरला. इकडं अक्षता पडून गेल्या अन् हा फोन करून म्हणतो, "अरे, वाजंत्री कुठं वाजून राह्यली तुमची?" गोजरबाई इतकी हसली का हातातली हळदीची वाटी सांडली तिच्या. गोजरबाई म्हंजे साधनाची माय. माही मालकीण.

ती यंदा पोळ्याच्या आधी गेली.

ताप आल्ता. जाफ्राबादला दाखवलं, मंग जालन्याला नेलं, अन् जालन्याहून आणलं ते तसंच. त्याच्यात सांगण्यासारखं काही न्हाई. लोकं आले, गेले, दहावा झाला, तेरवी झाली. माही बहीण तुळजाबाई घर सांभाळाया येऊन राह्यली. ती रोज म्हणायची, "भाऊ, रड रे एकदा. मोकळं वाटंल." मी म्हणायचो, "येईना, तं काय करू?" खोटं न्हाई सांगत, येतच नव्हतं. पाय बधिर झाला म्हंजे कसं, आपलाच पाय अन् चिमटा घेतला तरी कळत न्हाई, तसं सगळ्या अंगाचं झाल्तं. एका सकाळी तुळजाबाईनं चहात साखरेच्या जागी मीठ टाकलं. मी कपभर प्यालो. तिनं आपला घोट घेतला अन् थू करून म्हणली, "अगं माय! भाऊ, तू कसा काय प्यालास हे?"

मी म्हणलो, "चहा दिला, प्यालो."

तवापासून ती माह्याकडं जरा भेऊनच बघायची.

आता मोबाईलचं सांगतो. मोबाईल गोजरबाईचा. मला आपला बटणाचा पुरत व्हता, तिला साधनानं मोठा घेऊन दिल्ता. दिवे लागायच्या वख्ताला ती ओट्यावर बसायची अन् मोबाईलमधलं हवामान बघायची. पुढल्या आठवड्याचं दाखवतो ना तो, सूर्य, ढग, ढगातून पाणी, खाली आकडे. रोज बघायची. मी इचारायचो, "काय म्हणून राह्यला तुझा साहेब?" ती म्हणायची, "उद्या पाणी हाय." अन् दुसऱ्या दिवशी आमच्याकडं टिप्पूस पडायचा न्हाई. मी म्हणायचो, "खोटारडा हाय तुझा मोबाईल." ती नुसती हसायची. एकदा बी मोबाईलची बाजू घेऊन भांडली न्हाई. अन् इतर बाबतीत ती भांडाया कमी नव्हती, ते गावाला ठाऊक हाय.

ती गेली अन् मोबाईल राह्यला. तुळजाबाई म्हणली, साधनाला देऊन टाक. मी म्हणलो, बघू. मंग दिवे लागायच्या वख्ताला मीच ओट्यावर बसाया लागलो. काही करायचं नव्हतं म्हणून तिनं जिथं बोट ठिवलेलं बघितलं तिथं बोट ठिवायचो. वर लिव्हलेलं, टेंभुर्णी. खाली सूर्य, ढग. बघायचो अन् बंद करायचो.

दसरा झाला. सोयाबीन काढणीला आलं. सगळं सोयाबीन मजुरानं सोंगलं, राजानंद हडंबा घेऊन आला अन् एका दिवसात मळून गेला. हडंबा म्हंजे मळणीचं यंत्र. राजानंद गावात सगळ्यात नेमाचा माणूस, लावलेला नंबर कुणासाठी मोडत न्हाई, आमदाराचा फोन आला तरी. त्यानं सगळं मळलं, एक गंजी सोडून.

ती गंजी गोजरबाईची. विहिरीजवळ एक तुकडा हाय, तिथं ती दरसाल बियाणाचं सोयाबीन लावायची. तिफणीनं न्हाई, हातानं टोबून. एका जागी दोन दाणे अन् वरून मातीची चिमूट. यंदाबी मिरगानंतर तिनंच टोबलं. अन् ते हडंब्यात घालू द्यायची न्हाई. हडंबा जोरात फिरतो, दाण्याचं साल तडकतं, दिसाया दाणा चांगला दिसतो पण जमिनीत गेला का उगवत न्हाई. म्हणून ती गंजी वाळवायची, गोणपाटाच्या फारीवर पसरायची अन् काठीनं बडवायची. हलक्या हातानं. मी म्हणायचो, "लेकराला थोपटती का सोयाबीन बडवती?"

सोमवारी साधनाचा फोन आला. बापाला ती दादाच म्हणती.

"दादा, आईची गंजी हडंब्यात न्हाई ना घातली?"

"न्हाई."

"घालू नका बरं का. मी रविवारी येतीय. आपण दोघं बडवू. मला एक थैली न्यायचीय, आमच्या रानात लावायला. आईच्या हातचं आता तेवढंच राह्यलंय."

"बरं."

"दादा, जेवता का वेळेवर?"

"जेवतो."

"अजून काहीतरी बोला ना."

"काय बोलू, माय?"

तिनं तुळजाबाईचं इचारलं. मंग म्हणली, "बरं, ठेवते." आमचं बोलणं हे असंच व्हतं तव्हा. ती विहिरीत बादली सोडायची अन् बादली कोरडीच वर यायची.

पण तिचं एक मनावर घेतलं. गंजी रविवारपर्यंत जपायची. बाकी कशाचं काही वाटत नव्हतं, तरी एवढं करायचं ठरवलं.

गंजी अजून पुरी वाळली नव्हती. सोंगली तव्हा खाली वल व्हती. आता बघा, असल्या गंजीचं दोन्हीकडून मरण. ऊन हाय तं उघडी ठेवावी लागती, झाकून ठेवली तं आत गरम होती, वाफ धरती, बुरशी येती अन् बियाणं कामातून जातं. अन् पाऊस यायचा असला तं झाकावीच लागती. म्हंजे पुढं आठवडाभर काय हाय हे कळल्याबिगर हात लावता येत न्हाई. मी मोबाईल काढला. टेंभुर्णी. मंगळवारपासून रविवारपर्यंत सूर्यच सूर्य. एका जागी नावाला ढग व्हता, तोबी पांढरा.

मी ताडपत्री काढून घडी घालून ठिवली.

तेवढ्यात बद्रीनाथ आला बांधावरून. त्याचं सगळंच सोयाबीन गंजीत पडेल व्हतं, राजानंदकडं त्याचा नंबर शुक्रवारचा. "रख्मा, ताडपत्री दे. माही एक कमी पडून राह्यली."

"घेऊन जाय."

"अन् तू काय झाकशील?"

"मला कशाला? आठवडाभर ऊन हाय."

"कोण म्हणतं?"

"मोबाईल म्हणतो."

बद्रीनाथनं आपला मोबाईल काढला. "मह्या मोबाईलमधी बुधवारपासून ढग हाय अन् गुरुवारी पाणी. हे बघ, वीजबी दाखवून राह्यला."

"माह्यात न्हाई."

"एका बांधावर उभे हाव आपुन! तुह्यावर ऊन अन् मह्यावर पाणी, असं कसं राहील? मीच पनवती म्हण मंग."

राजानंद रस्त्यानं ट्रॅक्टर घेऊन चाललेला, त्यानं गाडी थांबवली. बद्रीनाथ म्हणला, "राजा, तू सांग. ऊन का पाऊस?"

राजानंद म्हणला, "मला इचारू नका काका. पाऊस म्हणलो तं सगळे म्हणतेत माहा नंबर आधी लाव. ऊन म्हणलो अन् भिजलं तं मला शिव्या. मी हडंबा चालवतो, आभाळ न्हाई." अन् गेला निघून.

"मोबाईल तुह्या बायकूचा हाय म्हणून खरा का?" बद्रीनाथ बोलून गेला. मंग त्याचं त्यालाच कसंतरी झालं. मान खाली घालून ताडपत्री उचलली. "वापस आणून देतो, जल्दी."

मला राग आला न्हाई. यायला पाह्यजे व्हता, असं वाटलं फक्त.

बुधवारी ऊन पडलं. मी गंजी वरखाली केली, शेंगा हातात घेतल्या तं खुळखुळाया लागल्या व्हत्या. बद्रीनाथकडं बघून मी हात वर केला. त्यानंबी केला.

गुरुवारी दुपारून देऊळगावराजाच्या अंगानं काळं आलं. मी गोठ्याच्या दारात बसेल व्हतो. मोबाईल काढला. टेंभुर्णी, सूर्य, पिवळाधम्मक. वर बघितलं तं आभाळ तव्यावानी. मंग मोबाईलवर एक थेंब पडला, टप्पोरा, बराबर सूर्यावर. मी तो अंगठ्यानं पुसला. दुसरा पडला. तोबी पुसला.

मंग वतलं. नुसतं वतलं.

मी उठलो न्हाई. खरं सांगतो, उठावं असं डोक्यात आलं, पण ते डोक्यातून पायात उतरलं न्हाई. गंजी समोर, हाकंच्या अंतरावर. पाणी तिच्यावर पडत व्हतं, खालून मातकट व्हाळ निघाला, अन् मी कुणा दुसऱ्याची गंजी भिजताना बघावं तसं बघत बसलो. रविवारी साधना येणार हे ध्यानात व्हतं. तिला काय सांगू, हेबी ध्यानात व्हतं. पण आतून काही हलंना.

बद्रीनाथ आला पळत, डोक्यावर माही ताडपत्री, चिखलात घसरून गुडघ्यावर पडला अन् परत उठला. "उठ रे! ए रख्मा! माणूस हाय का दगड हाय! धर तिकडून!" त्यानं आपल्या गंजीवरली काढून आणली व्हती. मी गेलो, टोक धरलं. दोघांनी टाकली. कडंनं दगडं लावले. पण तवर पाणी आत गेल्तं.

"तुही भिजंल आता," मी म्हणलो.

"भिजू दे. मही तं बाजारात जाणार हाय. ही कुठून आणशील?" असं म्हणून तो निथळत उभा राह्यला. मंग म्हणला, "मोबाईल बघू तुहा." बघितला. "आयला, अजूनबी ऊनच दाखवतो! हा मोबाईल हाय का सरपंच?"

शुक्रवारी ऊन निघालं अन् गंजीतून वाफा निघाया लागल्या. मी ताडपत्री उचलली, पसरवली, हलवली. वरल्या शेंगा काळ्या पडल्या. साधनाला फोन केला न्हाई. येणारच व्हती ती.

रातच्या गाडीनं निघून रविवारी सकाळी ती जालन्याला उतरली अन् टेंभुर्णीच्या गाडीनं आली. पिशवी घरी टाकली, तुळजाबाईच्या पाया पडली अन् सरळ वावरात. मी मागून. बद्रीनाथबी आला बांधावरून, त्याला राहावलं न्हाई.

साधनानं शेंग उचलली, दोन बोटांत फोडली. आत दाण्याला कोंब आलेला, पांढरा, उंदराच्या शेपटीवानी. दुसरी फोडली. तिसरी. मंग माह्याकडं वळली. "का नाही झाकली ओ दादा? एवढं एकच सांगितलं होतं तुम्हाला!"

ती चिडली म्हंजे तिकडल्यासारखं बोलती, आम्ही हसत असतो. त्या दिवशी कुणी हसलं न्हाई.

मी मोबाईल काढून तिच्या हातात दिला. "ऊन म्हणत व्हता. आठवडाभर. म्हणून उघडी ठिवली."

तिनं बघितलं. कपाळाला आठी घातली. मंग आपला मोबाईल काढला अन् दोन्ही शेजारी शेजारी धरले. सूर्याला सूर्य, ढगाला ढग, आकड्याला आकडा. बिलकुल एकच.

"दादा, हे आमचं टेंभुर्णी हाय."

"टेंभुर्णीच लिव्हलंय की."

"आमचं, दादा. सोलापूरचं. तिकडं आठवडाभर कडक ऊन होतं. मी कुरडया वाळवून आले."

बद्रीनाथच्या तोंडून निघूनच गेलं, "म्हंजे तुह्या मामेभावावानी मोबाईलबी तिकडंच उतरला का!"

साधना हसली. हसता हसता खाली बसली, चिखलातच. "दादा," ती म्हणली, "आई मला रोज फोन करायची, संध्याकाळी. उद्या पाणी हाय, वाळवण बाहेर टाकू नको. परवा ऊन हाय, गोधड्या धुऊन घे. बराबर निघायचं. मी म्हणायची, आई, तुला तिथं बसून कसं गं कळतं? तं म्हणायची, माहे गुडघे सांगतेत. मला खरंच वाटायचं, दादा. सासूबाईलाबी मी सांगायची, आमच्या आईचे गुडघे लई हुशार हायेत."

विहिरीवरून बगळा उडाला.

मला ओटा आठवला. 'उद्या पाणी हाय.' अन् मी म्हणायचो, खोटारडा हाय. अन् ती हसायची. तिला कुठं आमच्या पाण्याचं पडलं व्हतं. आमच्या पाण्याला मी व्हतो, बद्रीनाथ व्हता, वर बघितलं तं दिसत व्हतं. तिकडलं दिसत नव्हतं, म्हणून ती तिकडलं बघत व्हती.

छातीत काही झालं का? लोकं इचारतेत म्हणून सांगतो. न्हाई झालं. पण हात गार पडले, एवढं कळलं मला. लई दिवसांनी अंगातलं काहीतरी कळलं.

साधनानं नाक पुसलं. "द्या इकडं, दादा. जाफ्राबादचं लावून देते. एक मिनिटाचं काम."

"राहू दे."

बद्रीनाथ म्हणला, "अरे, पुढल्या सालीबी भिजवतो का?"

"इकडलं तू सांग. तुह्यात येतं ना बराबर."

"सांगीन," म्हणला. "पण फुकट न्हाई. ताडपत्री लागंल."

आम्ही गंजी उकलली. वरला थर, बाजूचा थर, सगळा काढून बैलापुढं टाकला. मधी पोटाजवळ थोडं कोरडं निघालं. हाताला ऊबदार लागत व्हतं, पण शेंगा पिवळ्या व्हत्या. फारी अंथरली. साधनानं आईची काठी घेतली, मी दुसरी. ती पहिले जोरात मारत व्हती. मी म्हणलो, "हळू. थोपटल्यावानी." ती थांबली, माह्याकडं बघितलं अन् मंग हळू मारू लागली. बद्रीनाथ शेंगा सारून देत व्हता. उपणलं, पाखडलं. एक थैली भरंल एवढं झालं, वर थोडं.

"उगवंल का हे?" साधनानं इचारलं.

"बघावं लागंल."

बियाणाची परीक्षा सोपी असती. मूठभर दाणे घ्यायचे, वल्या गोणपाटावर वळीनं मांडायचे, गुंडाळी करायची अन् सावलीत ठिवून रोज पाणी शिंपडायचं. दाणे साधनानं मांडले. गुंडाळीला सुतळी बांधली अन् मोरीजवळ ठिवली. दुसऱ्या दिवशी तिला जायचं व्हतं, तिकडं ऊस तोडणीला आल्ता. थैली तिनं नेली न्हाई. म्हणली, "आधी बघा. मंग सांगा. उगवणार नसलं तं उगाच नेऊन काय करू?"

गाडीत बसताना खिडकीतून म्हणली, "दादा, पाणी शिंपडाल ना?"

"शिंपडीन."

शिंपडलं. सकाळी एकदा, दिवे लागायच्या वख्ताला एकदा. तुळजाबाई म्हणायची, "माह्या चहाकडं लक्ष न्हाई अन् गोणपाटाकडं बरं हाय." मंग एका दिवशी सकाळी ओट्यावर बसून सुतळी सोडली. तुळजाबाई मागून वाकून बघत व्हती. एका दाण्याला कोंब, शेजारचा तसाच, निबर. मंग दोन उगवलेले लागोपाठ. मंग एक कुजका, बोट लावलं का फुटणारा. अशी सगळी गुंडाळी. निम्मं जित्तं, निम्मं मेलेलं.

फोन लावला. आजवर मी कव्हाच साधनाला फोन लावला नव्हता, गोजरबाईच लावायची अन् शेवटी माह्या कानाला द्यायची. तिकडून घाबरूनच आवाज आला, "दादा? काय झालं? बरे हाव ना?"

"बराय. बियाणं बघितलं."

"मंग?"

"निम्मं उगवलं."

"निम्मंच?"

"निम्मं म्हंजे वाईट न्हाई," मी म्हणलो. "दाट टोबायचं. एका जागी दोन टाकती ना, तिथं चार टाक. दोन मरतेन, दोन येतेन. थैली बद्रीनाथचा पोरगा तुमच्याच अंगाला चाललाय, त्याच्यासंगं देतो. वाटंतच हाय तुझं गाव."

"नक्की आमच्याच टेंभुर्णीला उतरवंल ना तो?"

"पुरा पत्ता लिव्हून देतो."

ती हसल्यासारखी झाली. मंग आमचं बोलणं संपलं. एरवी ती इथं म्हणती, बरं ठेवते. म्हणली न्हाई. मीबी ठिवला न्हाई. तिच्याकडं कुठंतरी भांडं पडलं, कोंबडी वरडली. मी दुसऱ्या हातानं गोजरबाईचा मोबाईल काढला अन् बोट ठिवलं.

"आज काय टाकलंय बाहेर?" मी इचारलं.

"डाळ. गच्चीवर. का?"

"आत घे. दुपारून पाणी हाय तुमच्याकडं."

"दादा, इथं तं कडक ऊन पडलंय. आभाळात ढग न्हाई एक."

"असू दे. घे आत."

फोनमधून चपलांचा आवाज आला. मंग जिन्याच्या पायऱ्यांचा. ती फोन कानाला धरूनच वर चालली व्हती.